हात हलतो तोवर

वैजयंतीला अंधारानंतर पहिल्यांदा काय दिसलं, तर लिंबू.

लोकांना वाटतं, अशा वेळी माणसाला उगवता सूर्य दिसावा, देव दिसावा, गेला बाजार नवऱ्याचं तोंड तरी दिसावं. तिला दिसलं ते अश्लेषा वर्तक नावाच्या तरुण डॉक्टरीणबाईंच्या जेवणाच्या डब्यातलं, जरा सुकलेलं लिंबू. पुण्याच्या संशोधन केंद्रात सकाळपासून तिच्यापुढे लाकडी ठोकळे मांडले होते आणि ती मुकाट्याने ते इकडचे तिकडे सरकवत होती. डोळ्यांपुढे नुसत्या ठिणग्या उडत होत्या, ओला भुईनळा फुरफुरतो तशा. शेवटी ती कंटाळली. असले ठोकळे मी जन्मात हातात घेतले नाहीत, काहीतरी घरातलं द्या, म्हणाली.

लिंबू हातात आल्यावर तिने ते सवयीने तळव्याखाली दाबून घोळवलं, चिरण्याआधी रस सुटावा म्हणून घोळवतात तसं. मग दोन बोटांत धरून आपल्याकडे ओढलं. ठिणग्या एकाएकी जवळ आल्या, गोळा झाल्या, आणि काळ्याभोर पोकळीतून एक पिवळं लिंबू तिच्याकडे सरकत आलं. सालीवरची बारीक भोकंसुद्धा दिसली. तिचा हात थांबला तसं लिंबू विरून गेलं. तिने पुन्हा ओढलं, ते पुन्हा आलं.

"अहो," ती मागे उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "लिंबू."

सुधाकर नुसतं 'हो' म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

हे कसं घडलं ते डॉक्टरांनी जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितलं. वैजयंतीची नजर काचबिंदूने गेली होती. म्हणजे डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी नसच वाळली होती. त्या नसेला वळसा घालून डॉक्टरांनी मेंदूच्या मागच्या भागावर, जिथे दिसणं खरोखर घडतं तिथे, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ चिप बसवली होती. चष्म्यातल्या कॅमेऱ्याने बघायचं आणि चिपने ते मेंदूला सांगायचं, अशी योजना. पण मेंदू ऐकून घेत नव्हता. अंधारात पडलेला मेंदू रिकामा बसत नाही, तो स्वतःच्याच मनाने ठिणग्या आणि आकार तयार करत राहतो. त्या गोंगाटात चिपचा बारीक आवाज हरवून जायचा. जगभर सगळ्यांची गाडी इथेच अडली होती.

अश्लेषाबाईंना वाट सापडली ती हातात. आपण एखादी वस्तू हलवतो तेव्हा मेंदू हाताला हुकूम सोडतो, आणि त्या हुकुमाची एक प्रत दृष्टीच्या केंद्राकडेही पाठवतो. मी हे हलवतोय, आता समोरचं चित्र असं असं बदलेल, तयार राहा, अशी. तेवढ्या क्षणापुरता मेंदू कान टवकारून बसतो. समोरच्या चित्रातला जो बदल हाताच्या हुकुमाशी तंतोतंत जुळतो तेवढाच चिपने उचलला आणि नेमका त्या क्षणी पुढे ठेवला, तर मेंदू तो आपलाच समजून आत घेतो. आकार आणि रंग चिपचा, बाकीचा बारकावा मेंदू आठवणीतून भरतो. सालीवरची भोकं कॅमेऱ्याने पाठवलीच नव्हती म्हणे. ती इतकी वर्षं तिच्याच डोक्यात पडून होती. हे ऐकून वैजयंती थक्क झाली.

"काकू, कॉम्प्युटरवर आपण एखादा फोटो बाणाने पकडून ओढतो ना," अश्लेषा म्हणाली, "तेव्हा त्याचं फिकट चित्र बाणाला चिकटून येतं. सोडलं की जातं. हाताने काय धरलंय ते डोळ्याला कळावं म्हणून ते असतं. तसंच हे. आम्ही याला ओढचित्र म्हणतो."

वैजयंती हसत सुटली. ओढचित्र काय असतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. उमेदीची सगळी वर्षं तिने तेच केलं होतं.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत तिचं आणि सुधाकरचं फ्लेक्सचं दुकान होतं. डिझाइन तिचं, छपाई सुधाकरची. तालुक्यातला एकही वाढदिवस तिच्या हातून सुटला नसेल. मधोमध गॉगलवाले दादा, वर हात जोडलेले साहेब आणि खाली पोस्टाच्या तिकिटांसारखे शुभेच्छुक. एकेक चेहरा बाणाने पकडायचा, त्याच्यामागची भिंत, झाड, मोटारसायकल कापून टाकायची आणि ओढत नेऊन चौकटीत सोडायचा. आपला फोटो अमक्यापेक्षा लहान का, म्हणून भांडायला येणाऱ्यांना ती चहा पाजून वाटेला लावायची. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि त्याच कामाने तिचा भाऊ तुटला.

रणजित तिच्याहून धाकटा. नगरपालिकेला उभा राहिला होता. एका संध्याकाळी तिच्या संगणकावर दोन फ्लेक्स उघडे होते. एक रणजितच्या प्रचाराचा आणि दुसरा एका पतसंस्थेच्या वारलेल्या अध्यक्षांच्या श्रद्धांजलीचा. तिने रणजितचा फोटो पकडला, ओढला आणि सोडला. काचबिंदू कडेकडेने खात आत येतो. मधलं दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. वैजयंतीला बाणाला चिकटलेलं भावाचं तोंड स्वच्छ दिसत होतं, ते कुठल्या चौकटीत पडतंय ते दिसत नव्हतं. निवडणुकीची घाई. सुधाकरने न बघता छापलं, टांगणाऱ्यांनी न बघता टांगलं.

सकाळी बसस्टँडसमोर झेंडूच्या हाराच्या चौकटीत गॉगल लावलेला रणजित हसत होता आणि खाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. खुद्द रणजित घरी पोहे खात बसला होता, तेव्हा त्याची निपाणीची सासुरवाडी जीप भरून रडत दारात उतरली. विरोधकांनी तो फोटो तालुकाभर फिरवला. मतदानाच्या रांगेतही माणसं एकमेकांना विचारत होती, उमेदवार आहेत ना अजून? रणजित पडला.

निकाल लागल्यावर तो तडक दुकानात आला आणि भर गिऱ्हाइकांत बहिणीला म्हणाला, "अक्का, डोळे फुटले होते काय गं तुझे?"

आपल्याकडे असं उठसूट कुणीही कुणाला म्हणतं. पायावर पाय पडला तरी म्हणतात. तीही मनाला लावून घेणारी नव्हती. पण वर्ष उलटायच्या आत कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की नस वाळली, आता इलाज नाही. त्या दिवसापासून रणजितने बहिणीच्या दारात पाऊल टाकलं नाही. राग केव्हाच मावळला होता. आपल्या तोंडचं वाक्य खरं झालं, हे मात्र त्याच्या मनातून काही केल्या जाईना. तिच्यापुढे कुठल्या तोंडाने बसू, असं तो बायकोजवळ म्हणायचा. गाव एवढंसं, तरी दुकान चुकवून लांबच्या रस्त्याने जायचा. भाऊबीजेला साडी तेवढी न चुकता यायची, दुसऱ्या कुणाच्या तरी हाती. वैजयंती ती चाचपायची आणि सुधाकरला रंग विचारायची. सुधाकरला रंगातलं ओ की ठो कळत नव्हतं, तो दरवर्षी 'चांगलाय' म्हणायचा.

चष्मा लावून ती पुण्याहून परत आली आणि घराचं काही खरं राहिलं नाही. दिसायचं तर हलवायला हवं. मग ती दिवसभर वस्तू हलवत सुटली. कपबशी, पोळपाट, उशी, खुर्ची. सुधाकरला खुर्ची कधी जागेवर सापडेना. आरसा हलवला की नुसता लखलखाट व्हायचा, त्याचा नाद तिने सोडला. पण बाकी प्रत्येक वस्तू काळ्या पोकळीत एकटी, कापून काढल्यासारखी तरंगत यायची आणि ती बघत बसायची. साधा पळीचा दांडा इतका देखणा असतो हे तिला कधी जाणवलंच नव्हतं. पळी वर न्यायची, खाली आणायची, आणि आमटी तशीच उकळत राहायची.

एका दुपारी तिने नवऱ्याचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं आणि डावीकडे-उजवीकडे झुलवायला लागली. सुधाकर मान सैल सोडून उभा राहिला.

"केस कुठं गेले हो तुमचे?"

"तुझ्या डोळ्यांच्या मागनं गेले," तो म्हणाला. "हळू. मान मोडशील."

मग ती बराच वेळ हसत होती आणि रडत होती. तो तिच्या हातात झुलत राहिला. मध्येच तिचे हात दमले असतील म्हणून त्याने तिची मनगटं धरून स्वतःच डोकं हलवलं, तर त्याचा चेहरा फुटून ठिणग्या झाल्या. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. दुसऱ्याने तिचा हात हलवून उपयोग नाही, हुकूम तिच्या मेंदूतूनच सुटायला हवा. वाऱ्याने हलणारं झाड नाही, रस्त्यावरून जाणारं माणूस नाही. ती हलवेल तेवढंच जग तिचं.

एके दिवशी तिने कपाटातल्या, रणजितने पाठवलेल्या साड्या बाहेर काढल्या. एकेक घडी मोडून पदर ओढत नेला आणि तिला धक्काच बसला. हळदीसारखी पिवळी, मग लालभडक, मग पोपटी, मग राणी रंग. सगळ्या भडक. ती स्वतः आयुष्यभर फिक्या रंगांची भोक्ती, आणि हे रणजितला चांगलं ठाऊक होतं. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. नजर विझत जाते तेव्हा शेवटपर्यंत ओळखू येतात ते भडक रंग. जमलंच तर तिला दिसावी, एवढ्या आशेवर तो दरवर्षी दुकानातली सगळ्यात भडक साडी निवडत आला होता.

त्या साड्यांच्या ढिगात बसूनच तिने त्याला फोन लावला. भाऊबीजेला ये, म्हणाली. त्याने कामं सांगितली, गुडघेदुखी सांगितली. मग घुटमळत विचारलं, "तुला आता दिसतंय म्हणं?"

त्याची भीती तिला त्या एका प्रश्नात कळली. ज्या डोळ्यांना तो बोलला होता, ते डोळे आता त्याच्याकडे बघतील, ही भीती.

"मी हलवीन तेवढंच दिसतं," ती म्हणाली. "तू दिसणार नाहीस."

मग तो म्हणाला, "तोंड धरणार नाहीस न्हवं माझं? दाजींचं धरलंस म्हणं."

"नाही धरत. ये तू."

फोन ठेवल्यावर सुधाकर चिडला. भावाचं तोंड बघायचं म्हणून तू डोक्यात चिप घालून घेतलीस, म्हणाला, आणि आता त्यावरच पाणी सोडतेस? वैजयंती साड्यांच्या घड्या घालत राहिली. तिला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. पण तो पाटावर येऊन बसायला हवा होता. दिसणं आणि येणं यातलं एकच मिळणार असेल तर तिला येणं हवं होतं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी रणजित आला. दारातल्या चपलांच्या आवाजावरून तिने त्याला ओळखलं. एक पाय जरा ओढत होता, म्हणजे गुडघ्याचं खोटं नव्हतं. तो कमी बोलला. सुधाकरने पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली आणि रणजित डोक्यावर टोपी घालून बसला. वैजयंती अंगठीने आणि सुपारीने ओवाळायला हात पुढे करणार, एवढ्यात तो म्हणाला, "दाजी, तेवढी ट्यूब बंद करा की."

सुधाकरला कळेना. वैजयंतीला कळलं. उजेड गेला की कॅमेऱ्याला काही दिसणार नाही, असा त्याचा हिशेब होता. तिच्या शब्दावर त्याचा अजून पुरता भरवसा बसला नव्हता. तिने मान हलवली. "करा बंद," म्हणाली. तिला काय फरक पडणार होता?

अंधारात तिने अंगठी ओवाळली. ताटातल्या निरांजनाच्या उजेडात ती अंगठी पोकळीत फिरताना पुसट दिसली, मागे कुणी नसल्यासारखी. कुंकू लावताना तिचं स्वतःचं बोट दिसलं. मग ताटाची पाळी आली आणि सुधाकर अडखळला. डोळे गेल्यापासून त्याने तिच्या हातात ज्योत दिली नव्हती. गॅस तोच पेटवायचा, देवापुढचा दिवा तोच लावायचा. आंधळ्या माणसाच्या हातात दिवा कोण देतो?

"हात धरू का?" त्याने विचारलं.

"नको."

त्याने तिचा पदर कमरेला नीट खोचला आणि ताट तिच्या हातात दिलं.

तिने ताट उचललं तशी आधी पितळेची कड दिसली, मग ज्योत. ती ओवाळायला लागली. ताट उजवीकडे गेलं, आणि ज्योतीच्या मागच्या काळोखात काहीतरी उजळलं. एक गाल. ताट खाली गेलं, हनुवटी वर आली. ताट डावीकडे वळलं तशी नाकाची सावली गालावरून सरकत पलीकडे गेली आणि तिच्यामागून एक डोळा उघडा झाला. वैजयंतीचा हात थांबला, आणि सगळं मिटलं. तिने घाबरत पुन्हा ताट फिरवलं. पुन्हा तो चेहरा अंधारातून वर आला, गोल, सबंध, जागच्या जागी.

तिने त्याला हात लावला नव्हता. तो हललाही नव्हता.

पुढे अश्लेषाबाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मग उलगडून सांगितलं. चिप वस्तू ओळखतच नाही, तिला कळतो फक्त हाताशी जुळणारा बदल. दिवा हलला की त्याच्याबरोबर उजेड हलतो, सावल्या हलतात, नाकाच्या, भुवयांच्या, सुरकुत्यांच्या, आणि प्रत्येक सावली हाताच्या हुकमात असते. मेंदूला वाटतं, हे सगळं मीच फिरवतोय. मग तो सगळंच आत घेतो. प्रयोगशाळेत सदा लख्ख उजेड, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आज त्या चष्म्याबरोबर एक छोटा दिवा मिळतो, आणि माणसं तो हातात घेऊन अंधारात नातवंडांची तोंडं बघतात, देवळाचे खांब बघतात, अख्खी खोली बघतात. पण त्या संध्याकाळी हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते गडहिंग्लजमधल्या एका बाईला, हातात ताट असताना.

तिला आता भाऊ दिसत होता. फ्लेक्सवरचे काळे कल्ले पार पांढरे झाले होते. गाल खाली आले होते. कपाळावर तिनेच लावलेलं कुंकू जरा वाकडं बसलं होतं. बापूंची, म्हणजे तिच्या वडिलांची ओठाजवळची घडी याच्याही तोंडावर कधी येऊन बसली कोण जाणे. आणि दोन्ही गालांवरून काहीतरी चकाकत खाली ओघळत होतं. अंधारात आपल्याला कुणी बघत नाही, या भरवशावर तो मोकळेपणाने रडत होता.

ओवाळण्याचे फेरे केव्हाच संपले होते. ती थांबेना.

"अक्का," तो शेवटी म्हणाला, "पुरे की. हात भरून येईल."

"म्हातारा झालास, रणजित."

तो दचकून मागे सरला. "दिसतोय मी?"

"दिसतोस." तिचं ताट फिरतच होतं. "हलू नकोस. मला हलवू दे."

सुधाकर धावत पुढे आला आणि त्याने तिच्या दमलेल्या कोपराला आधार दिला. तसा चेहरा फुटला. सोडा, सोडा, असं ती इतक्या कळवळून म्हणाली की त्याने चटका बसल्यासारखा हात काढला. चेहरा परत जमून आला. रणजितला उठून जायचं होतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं. आणि तो बसून राहिला, हेही दिसलं. त्याने तोंड लपवलं नाही. टोपी काढली, गाल पुसले आणि सरळ ज्योतीकडे, म्हणजे तिच्याकडे बघितलं.

"मी तुला तसं बोलायला नको होतं," तो म्हणाला. "रोज आठवतं मला ते."

"त्यानं काही होत नसतं, खुळ्या. बोलायच्या आधीच गेले होते डोळे. म्हणून तर तू हारात जाऊन पडलास." तिने ताटाचा आणखी एक फेरा घेतला. "त्या फोटोपेक्षा बरा दिसतोस आता. गॉगल तुला शोभत नव्हताच."

रणजितला हसू फुटलं. त्या फ्लेक्सवर सगळा तालुका हसला होता, तो आज पहिल्यांदा हसला. हसताना त्याचं तोंड कसं होतं ते तिला दिसलं. लहानपणी आंबा चोरल्यावर व्हायचं, अगदी तस्सं.

तेवढ्यात ज्योत बारीक झाली. वातीतलं तूप संपत आलं होतं. गाल आधी गेले, मग कपाळ. नाकाची कड तेवढी उरली. सुधाकर ट्यूबच्या बटणाकडे निघाला, पण रणजित त्याच्याआधी उठला होता. दुखरा गुडघा धरून तो अंधारातच स्वयंपाकघराकडे चाचपडत गेला.

"दाजी," तिथून त्याचा आवाज आला, "ट्यूब लावू नका. तुपाची वाटी कुठं ठेवलीय?"

त्याने तूप आणलं, निरांजनात ओतलं आणि वात बोटाने पुढे सारली. ज्योत उभी राहिली. मग तो पुन्हा पाटावर बसला, मांडी नीट घातली, तोंड वर केलं. वैजयंतीने दुखरा हात एकदा झटकला आणि ताट उचललं.